आस्वाद आणि आवेष्टन

प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून ज्या मुलखाच्या नाकाला मळीचा उग्र दर्प सवयीचा झाला, त्या नगर जिल्ह्यातील सावेडीचे एक रसिक गृहस्थ, मद्यप्राशनाचा सरकारी परवाना खिशात बाळगून, पुण्याहून आणलेल्या ‘चॉकलेट स्टाऊट’ बिअरच्या काळ्या कॅनवरील सोनेरी अक्षरे वाचता वाचताच कोको, कॉफी व मनुका यांचा प्रत्यय घेऊ लागले. वास्तविक या पेयात पुष्कळदा चॉकलेटचा अंशही नसून ते श्रेय केवळ काळपट भाजलेल्या जवाच्या माल्टचे असते. आवेष्टनाचा चवीशी मुळीच संबंध नाही, असे मात्र नव्हे: हिरव्या वा पांढऱ्या काचेतून शिरलेला प्रकाश हॉप्सच्या कडवटपणाचे दुर्गंधीत रूपांतर करतो, तपकिरी काच त्याला बहुतांशी अटकाव करते आणि कॅन पूर्णच. परंतु सोनेरी अक्षरांना रसायनशास्त्रात काही दाखला नाही. तेच पेय सौभाग्यवतींनी स्टीलच्या पेल्यात ओतून दिले, तेव्हा पिंगट फेस मिशीला लागलेल्या त्या रसिकाग्रणींनी “जरा करपलंय का हो?” एवढीच पृच्छा केली. मळीपासून निघणाऱ्या देशीचे गिऱ्हाईक या बाबतीत अधिक शास्त्रशुद्ध; ते फक्त सील शाबूत आहे ना, एवढेच पाहते.