सुटलेल्या ब्रॅकेटरावांस खुले पत्र

प्रति,
मा. ब्रॅकेटराव,
मुक्काम : आमच्या लेकीची खालची उजवी उपदाढ (मुक्काम वारंवार हलतो), कोल्हापूर.



रविवारी भरल्या ताटावर आपण पुन्हा जागा सोडलीत, त्याबद्दल आभारी आहोत. घरात पाव्हणे, वाटीत पांढरा रस्सा, लेकीच्या हातात नळी. आणि आपण दात सरळ करायच्या तारेवर गरागरा फिरू लागलात. कोल्हापुरातलं पोर नळी बाजूला ठेवतंय म्हटल्यावर पाव्हण्यांनाही घास जाईना.

आपलं कुळ थोर. 1955 साली अमेरिकेत मायकेल बुनोकोर यांनी दाखवून दिलं, की आम्लानं दाताचा पृष्ठभाग खरखरीत केला की त्यावर रेझिन घट्ट धरतं. आपल्याला दातावर थेट जागा मिळाली ती त्यातूनच. तोवर दातादाताला धातूचं कडं ठोकत. त्या बिचाऱ्या कड्यांना आपल्याइतकं मोकळं वागणं कुठलं जमायला!

आपली ताकद तर काय वर्णावी? 5.9 ते 7.8 मेगापास्कलची पकड पुरे, असं संशोधक रेनॉल्ड्स यांनी 1975 साली लिहून ठेवलंय. म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 60 ते 80 किलो. आपला तळवा चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. तरी सहा-आठ किलोचा ओढा सोसायची ऐपत झालीच की. मागच्या खेपेला आपण मान टाकलीत ती फुटाण्यापुढे. मोठ्या मनाचे आहात.

याहून फार घट्ट आपल्याला मुद्दामच बसवत नाहीत. शेवटी काढताना दाताचं इनॅमल उचकटू नये म्हणून. पण साहेब, तिकीट दीड-दोन वर्षांचं काढलंय आणि आपण दर थांब्याला उतरता!

सगळा मान एकट्या आपल्याला देणंही बरं नव्हे. आपल्याला चिकटवण्याआधी आम्ल धुऊन वाळवलेला दात खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर लाळेचा ओघळ गेला की पकड ढिली. नेमक्या त्या घडीला कापसाचा भिजलेला बोळा बदलायचा सोडून फोनवर बोलणाऱ्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनाही आमचा नमस्कार सांगावा.

आपण रजेवर असता तेव्हा ती उपदाढही रजा घेते. उपचार लांबतो, पण घाई कुणाला आहे? तारेचं टोक गालात रुतून पोरीला जागं ठेवतं, तेवढाच अभ्यास होतो.

आपला कृपाभिलाषी,
एक पालक

ता. क. वाचकहो, सुटलेलं ब्रॅकेट घरी फेविक्विकनं चिकटवू नका. तारेवरून निघालं तर डबीत जपून ठेवा, टोचणाऱ्या तारेवर दवाखान्यातून मिळालेलं मेण लावा आणि पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.