जर्मन वंशाचा दावा

श्टुटगार्ट

तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. मार्लवाईस गोंडांत राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ साहेबांना पणजोबांनी एका रात्री टेंभा धरून वाट दाखवली, सबब त्या पुण्याईवर आम्ही जर्मन नागरिकत्व मागावे, ही आपली सूचना वाचून आपल्या सूनबाईंना हसू आवरेना. मी मात्र रीतसर चौकशी केली. येथील 1913 चा कायदा रक्ताचे नाते पाहतो, टेंभ्याचे नाही. नाझी राजवटीने ज्यांचे नागरिकत्व हिरावले, त्यांच्या वंशजांना राज्यघटनेच्या 116 व्या कलमान्वये ते परत मिळते. पण त्या रांगेत आपण उभे राहणे म्हणजे दुसऱ्याच्या जखमेवर आपली जहागीर मागणे होय.

शिवाय साहेब मूळचे व्हिएन्नाचे. 1938 साली ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केल्यामुळे त्यांच्या खिशात जर्मन पारपत्र आले आणि पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटताच इंग्रज सरकारने त्या पारपत्रापायी त्यांना शत्रुपक्षाचे प्रजाजन ठरवून निजामाच्या मुलखात अडकवून ठेवले. ज्या कागदाने खुद्द मालकाला कैद घडवली, त्याचा वारसा सांगण्यास माझे मन धजत नाही.

त्यापेक्षा वास्तव्याची वाट बरी. आपल्याकडे निजामाच्या 1919 च्या फर्मानाप्रमाणे मुलकी, म्हणजे संस्थानचा रहिवासी, ठरावयास पंधरा वर्षांची वस्ती लागे. येथे 2024 पासून सामान्यतः पाच वर्षे पुरतात. मात्र भाषेची परीक्षा आहे, आणि ज्या भाषेत चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी व सुरी नपुंसकलिंगी, तिच्यापुढे अस्मादिक जेवणाच्या ताटावरच नापास होतात. आपले बरे, बाजारहत्नूरच्या घराचा उंबरा न ओलांडता आपल्या घराण्याने 1948 साली निजामशाही जाताना, 1956 साली आंध्र येताना आणि 2014 साली तेलंगणा होताना पाहिले, व कोणीही कोणत्याही भाषेची परीक्षा घेतली नाही.

आता मुख्य मुद्दा. हिंदुस्थान सरकारला दुहेरी नागरिकत्व मंजूर नाही. जर्मन झालो की परदेशस्थ भारतीय म्हणून कार्ड मिळेल, येणेजाणे सुखाचे होईल, परंतु मतदानाचा हक्क जाईल. गावच्या यादीतील आमची दोन मते अशा रीतीने बाद झाली, तर येत्या पंचायत निवडणुकीत आपल्या उमेदवारीचे काय होईल, याचा हिशेब आपणच करावा. गेल्या खेपेस आपण किती मतांनी पडलात, हे पुतण्याने लिहिणे शोभणार नाही.

तरी अर्ज तूर्त तहकूब ठेवण्यास आपली संमती कळवावी. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक पुतण्या