साहेब येणार नाहीत, बिल माझ्या नावाने करा

पेढीचे मालक यांस,


नाव लिहीत नाही, पण हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला पहिल्या परिच्छेदातच कळेल.

तुमच्या पेढीत बाई एकटी आली की तिच्यापुढे पाण्याच्या ग्लासाआधी प्रश्न येतो, ‘साहेब गाडी लावताहेत का?’ साहेब येणार नाहीत म्हटलं की ट्रे बदलतो. मी वीस ग्रॅमची ठुशी मागितली, तर माझ्यापुढे चार ग्रॅमच्या कुड्या आल्या. ‘रोज वापरायला बऱ्या पडतात, मॅडम.’ रोज काय वापरावं हे मी विचारलंच नव्हतं.

मजुरी किती टक्के, हे मी विचारलं. उत्तर मिळालं माझ्या भाच्याला! तो कॉलेजात शिकतो, मला गाडीवरून सोडायला आला होता आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्याचं वजन सांगा, हेही मीच म्हटलं. तुमच्या सेल्समनने कॅल्क्युलेटर मात्र त्याच्याकडे वळवला. हॉलमार्कच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. तो मी भिंगातून वाचला आणि बीआयएस केअर ॲपवर तपासला. तेव्हा कुठे तुमचा माणूस माझ्याकडे बघून बोलायला लागला.

इथवरचं मी सोडूनही दिलं असतं. बिलाचं सोडणार नाही.

दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो. माझं पॅनकार्ड माझ्या पर्समध्ये होतं, पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून गेले होते. तरी ‘साहेबांचा नंबर सिस्टिमला आहे’ म्हणून बिल नवऱ्याच्या नावाने निघालं. हरकत घेतली, तर उत्तर काय? ‘घरातलंच आहे ना, मॅडम!’

नाही. घरातलं नाही, माझं आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने १९५६ सालीच सांगितलं की, हिंदू स्त्रीने स्वतःच्या मेहनतीने मिळवलेल्या मालमत्तेवर तिचीच पूर्ण मालकी असते. स्त्रीधन हे बायकोचंच, नवरा फार तर ते सांभाळणारा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात बजावलं. पण घर मोडतं, लॉकरवरून भांडण लागतं, तेव्हा बाईला दागिना आपला असल्याचं सिद्ध करावं लागतं. त्या वेळी तिच्या हाताशी एक बिल असतं. तेच तुम्ही दुसऱ्याच्या नावाने फाडता.

माझ्या आईने वडिलांच्या आजारपणात याच काउंटरवर पाटल्या मोडल्या. एकटीच आली होती. तेव्हा साहेब कुठे आहेत, असं कुणी विचारलं नाही. घट कापली, पैसे हातावर ठेवले. घरातली पेरणी, फी, दवाखाना यांसाठी सोनं मोडायला बाईची सही चालते, आणि तेच सोनं घ्यायला आली की तिच्यामागे पुरुष शोधायचा, हा कुठला न्याय?

तुमच्या भिशीचे हप्ते भरणाऱ्या नर्स, शिक्षिका, अंगणवाडी सेविका बघा. दर गुरुपुष्याला एक ग्रॅमचं वळं घेऊन वर्षानुवर्षं सोनं साठवणाऱ्या बघा. नवरा गेल्यावर स्वतःसाठी हार घ्यायला आलेल्या बाईलाही तुमच्याकडे ‘कुणासाठी घ्यायचाय?’ असं विचारलं जातं. विधवेचं मंगळसूत्र काढायची प्रथा कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव करून बंद केली. एका गावाला जमलं, ते तुमच्या वातानुकूलित पेढीला जड का जावं?

तेव्हा तीन गोष्टी करा. जी विचारते, तिलाच उत्तर द्या. मागितलेला दागिना आधी दाखवा, सल्ला मागितला तरच द्या. आणि बिल कुणाच्या नावाने, हे पैसे देणारीला विचारल्याशिवाय प्रिंटचं बटण दाबू नका. माझं बिल या आठवड्यात दुरुस्त करून द्या. नाहीतर ग्राहक आयोगाकडे तक्रार जाईल, माझ्या नावाने.

आपली,
ठुशीची मालकीण