बसल्या जागचे ठोके
बेळगावात व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांत हल्ली ठोक्यांची चढाओढ असते. "आमचे ५८!" म्हणत एकजण मनगट पुढे करतो, ६४वाल्याचा चेहरा पडतो. खरं तर बसल्या जागी ६० ते १०० म्हणजे ठीकच. कसलेल्या धावपटूंचे ४०पर्यंतही उतरतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ठोके मंदावतात, पण हे ५८वाले सांगतील कशाला? निपाणीचे पाहुणे तंबाखू मळता मळता आकडा बघतात आणि वाढला की घड्याळालाच नावं ठेवतात.

तब्येत म्हणावी तर आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाखटल्याची. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, तेव्हापासून विश्रांतीतच. १ नोव्हेंबरला, सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनी, ठोके जरा चढतात. २ तारखेला पूर्ववत. एवढं झटपट सावरणं धावपटूंनाही जमत नाही.