पलीकडच्यांची गाडी सकाळी का रुसायची

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या भाऊजींच्या गाडीचं दुखणं सापडलं एकदाचं! रोज सकाळी सेल्फ मारमारून सगळी गल्ली उठवायचे, ते आठवतंय ना? बरं, चालू झाली तरी सिग्नलला नुसती थरथर, आरपीएमचा काटा खालीवर. आणि हायवेला गेली की काही तक्रार नाही. आता काय म्हणावं...

गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलायला लावली. सेल्फ तर खणखणीत फिरत होता, बॅटरीचा काय संबंध? मग प्लग झाले. मग कॉइल. आता म्हणे टाकीतला पंपच गेलाय! वहिनी कुंपणाशी येऊन हळूच म्हणाल्या, "आता मंगळसूत्र तेवढं राहिलंय." आणि भाऊजींचं एकच पालुपद, "चोक असता तर ही वेळच आली नसती." अहो, कार्ब्युरेटर जाऊन किती वर्षं झाली! अजून सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरवर पाय आपटतात. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन किती गार आहे ते सेन्सर सांगतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो. पाय आपटून काय होणार?

तर काय सांगत होते... वहिनींची भाची आली. तीच हो, आयटीआयला मोटर मेकॅनिक केलेली. "मुलीच्या जातीला हे कशाला" असं याच भाऊजींनी तिला ऐकवलं होतं... असो. ती म्हणाली, "काका, पाय आपटू नका. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग सेल्फ मारा." तर काय, दोन ढेकरा देऊन गाडी चालू! मागून काळा धूर, पेट्रोलचा वास थेट माझ्या तुळशीपर्यंत. पाय असा दाबून धरला की बऱ्याच गाड्यांत कंप्युटर इंजेक्टर बंद ठेवतो, नुसती हवा आत जाते. म्हणजे पेट्रोल कमी पडत नव्हतंच, उलट तुंबलं होतं! पंपाचं कोटेशन हातात घेऊन गॅरेजवाला तिथेच उभा. त्याचा चेहरा बघायला हवा होतात...

मग तिने इंजेक्टरच्या रेलला प्रेशर गेज लावलं. चावी फिरवली की टाकीत दोन सेकंद घूं होतं ना, त्यासरशी काटा 3 बारला. "पंप ठणठणीत आहे," म्हणाली. चावी बंद केली आणि काटा लागला की घसरायला! तो बराच वेळ धरून राहायला हवा. मग तिने प्लग काढले. नवे कोरे सगळे, तीन कोरडे आणि तिसऱ्या सिलिंडरचा काळाकुट्ट, पेट्रोलने निथळणारा. इंजेक्टर बंद असतानाही टपकत होता मेला!

रात्रभर टपकून रेलमधलं प्रेशर उतरायचं आणि त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल साचायचं, म्हणून सकाळचा तमाशा. आयडलला इंजिनाला पेट्रोल लागतं इवलंसं, त्यात हे जादाचे थेंब जाचतात, म्हणून थरथर. हायवेला पेट्रोलच भरपूर जातं, तिथे चार थेंब कोणाला कळतात? डिपस्टिक काढली तर ऑइललाही पेट्रोलचा वास! मग एक इंजेक्टर नवा घातला, ऑइल बदललं, झालं काम. भाऊजी काही बोलले नाहीत, पण भाचीला चहाबरोबर भजी मिळाली, तीही त्यांनी स्वतः आणलेली!

तुम्हाला म्हणून सांगते, तुमची गाडी असं करायला लागली तर पार्ट बदलू देण्याआधी विचारा, प्रेशर मोजलंत का? प्लग काढून पाहिलेत का? नाही म्हणाला तर सरळ चावी परत मागा. घरी मात्र रेल खोलायला जाऊ नका, पेट्रोल दाबाखाली असतं, भडका उडायचा. आणि हे माझ्याकडून कळलं असं भाऊजींना सांगू नका हं!