कँडिडदादा

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि गल्लीतल्या एकाच्या नावापुढे ‘फिल्म्स’ लागतं. हा आपला कँडिडदादा. गणपतीत त्यानं हप्त्यावर कॅमेरा घेतला, मागचं सगळं धूसर करून मांजराचा एक फोटो काढला, त्याला बरे लाइक आले आणि दिवाळीच्या आत तो ‘आठवणींचा शिल्पकार’ झाला.

‘किती घेता?’ असं विचारलं तर तो उलट विचारतो, ‘कार्यालय कुठलं?’ लॉन असेल तर चाळीस हजार, साधं मंगल कार्यालय असेल तर तीस, आणि समोरून नुसतं ‘अरे बापरे’ आलं की पंचवीस. त्यात प्री-वेडिंग, कँडिड, व्हिडिओ, ड्रोन, अल्बम आणि वर नवरानवरीचा फोटो असलेलं भिंतीवरचं घड्याळ फुकट.

एकदा त्याच्या पंचवीस हजारांचा हिशेब मांडून बघा. व्हिडिओवाला ६,०००. ड्रोनवाला ५,०००. अल्बम ६,०००. लाइट धरणारा पोरगा १,५००. गाडी आणि घड्याळ मिळून २,०००. राहिले ४,५००. त्यातून कॅमेऱ्याचा त्या महिन्याचा हप्ता ४,८००. म्हणजे तीन आठवडे रात्री जागून फोटो निस्तरायचे आणि वर ३०० रुपये आहेर करून यायचं. वर्षभरात अशा दहा ऑर्डरी घेतल्या की दादा ‘धंदा जोरात आहे’ असं सांगतो. खोटं नाही. तोटाही जोरातच असतो.

लग्नाच्या दिवशी दादा काळा शर्ट घालून येतो. कॅमेरा एक, कार्ड एक, बॅटरी एक. सीमांतपूजनाला त्यानं रुखवतातल्या लाडवाचे इतके फोटो काढलेले असतात, की मंगलाष्टकांच्या वेळी कार्ड भरतं. तो खाली बसून लाडू पुसत असतो तेवढ्यात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजते. दादा धावत येऊन म्हणतो, ‘गुरुजी, शेवटचं ‘सावधान’ परत एकदा घ्या ना!’ गुरुजींनी आजवर बरंच काही सोसलेलं असतं. ते फक्त बघतात. हार मग पुन्हा घालून घेतला जातो. अल्बममध्ये त्या ‘कँडिड’ क्षणी नवरदेव थेट कॅमेऱ्याकडे बघतोय, आणि स्टेजवरच्या जांभळ्या दिव्यांनी अख्खं वऱ्हाड वांग्यासारखं दिसतंय.

त्याच गावात स्टुडिओवाले काका असतात. छत्तीस फोटोंच्या रोलवर वाढलेले. ते आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन प्लग कुठे आहेत ते बघतात, गुरुजींना भेटतात, शेवटचं मंगलाष्टक कोणतं ते त्यांना पाठ असतं. बॅगेत दुसरा कॅमेरा, आणि जेवणाच्या पंगतीत त्यांचा पोरगा कार्डावरचं सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतो. काका सत्तर हजार सांगतात आणि त्यावर एक शब्द बोलत नाहीत. लोक मग दादाकडे जातात. केटररनं ताटाला वाढवलेले पन्नास रुपये मुकाट देणारा वधुपिता फोटोवाल्याशी मात्र ‘नुसतं बटण तर दाबायचंय’ म्हणून घासाघीस करतो. त्यामुळे सगळा दोष दादाचा नाही.

दादा प्रत्येक फोटोवर कोपऱ्यात स्वतःचं भलंमोठं नाव टाकतो, नवरीच्या पदरावरसुद्धा. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. आणि करार तर दादानं कधी केलेलाच नसतो. ‘घरचंच कार्य आहे, कागद कशाला?’

तुमच्या घरी कार्य ठरलं असेल तर आधी भाव विचारू नका. दुसरा कॅमेरा आहे का, कार्डावरचं कुठे उतरवता, आजारी पडलात तर कोण येईल, अल्बम किती दिवसांत, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. मग जो आकडा येईल त्याला ‘अरे बापरे’ म्हणू नका.