‘आत्ता नुसतं लिहून घ्या’

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल. फळ्यावर जावाचा प्रोग्रॅम, त्यात ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’. मागच्या बाकावरून एक मुलगी विचारते, "सर, स्टॅटिक म्हणजे काय?" उत्तर ठरलेलं. "ते पुढच्या सेमिस्टरला. आत्ता नुसतं लिहून घ्या."

झालं, घोकंपट्टी सुरू! पडद्यावर नुसतं ‘नमस्कार’ उमटवायचं, तर त्याआधी क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, स्ट्रिंग आणि तीन प्रकारचे कंस. एखादा सेमीकोलन राहिला की एरर, तोही इंग्रजीत. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली ती मुलगी पुन्हा काही विचारत नाही, जर्नलमध्ये शेजारणीचा प्रोग्रॅम उतरवून घेते. व्हायव्हाला आपण शेरा मारतो, हिचं लॉजिक कच्चं. तिला लॉजिक दाखवलं होतं कधी?

यावरचा इलाज फार जुना आहे. डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी 1964 साली बेसिक भाषा तयार केली, ती विज्ञान-गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. 1967 मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो आणली. पुढे तिच्यात कासव आलं. ते चालतं, वळतं आणि मागे रेघ सोडतं. आज ते पायथनमध्ये फुकट मिळतं. शंभर पावलं पुढे, नव्वद अंश डावीकडे, असं चारदा सांगितलं की चौकोन तयार. नव्वदच्या जागी ऐंशी पडले तर चौकोन जुळतच नाही. चूक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, शिक्षकाला बोलावंही लागत नाही. आणि मग चौकोनाऐवजी बारा बाजूंची आकृती काढायला सांगा. पाचव्या बाजूला कुणीतरी वैतागून म्हणेलच, "तेच तेच किती वेळा लिहायचं?" लूप शिकवायचा तो तेव्हा. त्याआधी लूपचं नावही काढू नये.

खुद्द जावानं सप्टेंबर 2025 मध्ये, 25व्या आवृत्तीत, छोट्या प्रोग्रॅमवरची क्लास आणि ‘पब्लिक स्टॅटिक’ची सक्ती उठवली. भाषेनं हट्ट सोडला, आपण कशासाठी धरून बसायचं?

प्राध्यापक मंडळींना माझी विनंती एवढीच: पहिल्या तासाला जी ओळ समजावून सांगता येणार नाही, ती फळ्यावर लिहू नका.